प्रश्नापुरता डेटा: घरातल्या नोंदी खुल्या करण्याची माझी रीत

चौदा महिने मी आमच्या घराचा विजेचा वापर दर अर्ध्या तासाला नोंदवत होते. मीटरला जोडलेलं एक छोटं उपकरण, त्यातून निघणारी एक फाइल, आणि त्या फाइलचा आलेख. विजेच्या मागणीवर काम करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून ती फाइल मी जशीच्या तशी सगळ्यांसाठी खुली केली आणि आलेख मोठ्या कौतुकाने आईला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग पहाटे साडेतीनच्या एका छोट्या उंचवट्यावर तिने बोट ठेवलं. "हा रोजच दिसतोय. ही मी आहे ना?"

तीच होती. रात्री जाग आली की ती दिवा लावते, थोडं पाणी गरम करते आणि तासभर बसून राहते. मला याचा पत्ता नव्हता. "तुला माहीत नव्हतं, ते ठीक," ती म्हणाली, "पण माझी झोप सगळ्यांना कशाला दाखवत बसलीस?"

फाइल मी त्याच संध्याकाळी काढून टाकली. तोवर काही जणांनी ती उतरवून घेतली होती आणि एकदा गेलेली फाइल परत मागवता येत नाही. डेटा देणं मी सोडलं नाही, कारण त्याची गरज खरी आहे. देण्याची रीत बदलली. ती इथे लिहिते.

आधी प्रश्न ठरवा

माझी पहिली चूक ही की मी हातात होतं ते सगळं दिलं. आता उलट करते. या डेटातून कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळावं असं मला वाटतं, ते एका वाक्यात लिहिते आणि त्या प्रश्नाला लागेल तेवढाच बारकावा फाइलमध्ये ठेवते.

विजेचंच घ्या. घराचा वापर ऋतूप्रमाणे कसा बदलतो, एवढंच सांगायचं असेल तर महिन्याचं एक याप्रमाणे वर्षाचे बारा आकडे पुरतात. त्यातून कुणाचीही झोप दिसत नाही. दिवसातल्या कुठल्या वेळी विजेवर ताण येतो, हा प्रश्न असेल तर अर्ध्या तासाचे आकडे लागतात. सौर ऊर्जेसाठी हाच प्रश्न कळीचा आहे, कारण सूर्य दुपारी भरपूर देतो आणि घरं संध्याकाळी मागतात. पण त्यालाही प्रत्येक दिवस वेगळा लागत नाही. महिन्यातल्या सगळ्या कामाच्या दिवसांची सरासरी काढली तर दिवसाचे ४८ आकडे उरतात. आम्ही कुठल्या तारखांना घरी नव्हतो, हे त्यातून कळत नाही.

इथे मी दुसऱ्यांदा अडखळले. सरासरी काढल्यावरही साडेतीनचा उंचवटा तसाच होता. आई रोज उठते, म्हणून तो सरासरीतही उरला. सरासरी एखादा दिवस लपवते, सवय लपवत नाही. सवय लपवायची तर अनेक घरांची बेरीज करावी लागते.

म्हणून आम्ही बारा घरांनी मिळून एक गट केला. प्रत्येक घर आपली फाइल एका विश्वासातल्या व्यक्तीकडे देतं, ती बेरीज करते, बेरीज तेवढी खुली होते आणि मूळ फाइली तिच्याकडून पुसल्या जातात. यात दोन गोष्टी सांभाळा. एखाद्या घराचा वापर बाकीच्यांपेक्षा फारच मोठा असेल, तर बेरजेतही तेच घर ओळखू येतं. त्याला वेगळं ठेवा. आणि एखादं घर गटातून बाहेर पडलं, तर जुन्या महिन्याची बेरीज त्या घराशिवाय पुन्हा प्रसिद्ध करू नका. आधीच्या बेरजेतून नवी वजा केली की त्या घराची अख्खी फाइल हातात येते. हे आमच्या आयत्या वेळी लक्षात आलं, म्हणून मुद्दाम सांगते.

खुला आणि सामायिक, या दोन वेगळ्या गोष्टी

काही प्रश्नांना खरोखरच बारीक डेटा लागतो. घरातलं कुठलं उपकरण किती वीज खातं, हे एकाच मीटरवरून ओळखण्याची पद्धत जॉर्ज हार्ट यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असताना विकसित केली आणि त्यांचा यावरचा प्रसिद्ध लेख १९९२ साली आला. कल्पना सोपी आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर ठरावीक अंतराने सुरू होतो आणि थांबतो, विजेची किटली एकदम साधारण २००० वॉटची पायरी चढते, तेवढीच उतरते. प्रत्येक उपकरणाची अशी एक चाल असते. जुना फ्रिज किती वाया घालवतोय, हे त्यावरून घरोघरी सांगता येतं. पण ती चाल टिपायला सेकंदा-सेकंदाचा डेटा लागतो, आणि तो म्हणजे घराची दिनचर्याच.

ब्रिटनमधल्या अवघ्या ५ घरांच्या अशा नोंदी 'यूके-डेल' या नावाने २०१५ साली खुल्या झाल्या, आणि जगभरच्या संशोधकांनी आपापल्या पद्धती त्यांवर तपासून पाहिल्या. पाच घरांनी एवढं काम केलं! म्हणजे असा डेटा हजारो लोकांनी खुला करण्याची गरज नसते. त्याचा अर्थ पुरता समजून घेतलेली थोडी माणसं पुरतात.

माझा नियम असा की सेकंदांचा डेटा मी खुला करत नाही, ओळखीच्या संशोधन गटाला लेखी करार करून देते. त्याआधी चार गोष्टी विचारते: नक्की कशासाठी हवा आहे, कोणकोण पाहणार, किती काळ ठेवणार, आणि मी मध्येच नाही म्हटलं तर काय करणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं की मी थांबते. युरोपात तर लोकहितासाठी स्वेच्छेने डेटा देण्याची वेगळी कायदेशीर चौकटच आहे. तो कायदा सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला आणि दिलेली संमती मागे घेण्याची सोय त्यात आहे. तुमच्याकडे अशी चौकट नसली तरी हे चार प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि आपल्या घरात जितकी माणसं, तितक्यांची संमती. मीटर माझ्या नावावर आहे, पण त्यातला वापर सगळ्यांचा आहे. आता फाइल बाहेर जाण्याआधी मी आलेख घरात सगळ्यांना दाखवते. "डेटा देऊ का?" असं नुसतं विचारलं तर सगळे हो म्हणतात. आलेख पाहिल्यावर मात्र लोक खरं उत्तर देतात.

आपलाच डेटा हातात कसा घ्यायचा

बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' किंवा 'एक्स्पोर्ट' असं बटण सेटिंगच्या तळाशी असतं. सीएसव्ही हा पर्याय असेल तर तोच घ्या, कारण साध्या स्वल्पविरामांनी तोडलेली ती फाइल कुठल्याही संगणकावर उघडते. आलेखाचं चित्र किंवा पीडीएफ घेऊन पुढे काही करता येत नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याच्या २० व्या कलमाने, आपण दिलेला वैयक्तिक डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा हक्क दिला आहे. अमेरिकेत वीज कंपन्यांकडून आपल्या वापराचा डेटा उतरवून घेण्याची 'ग्रीन बटन' ही सोय २०१२ पासून आहे. जिथे असं काही नाही, तिथे एक सभ्य पत्र लिहून मागा. मला दुसऱ्या पत्राला उत्तर आलं.

तेही नाही जमलं, तर हाताने नोंदवा. हाताने केलेली नोंद कमी दर्जाची असते, असं मुळीच नाही. १९९७ च्या जुलैत अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात मोठा पूर आला. शहराच्या एका भागात प्रचंड पाऊस आणि काही किलोमीटरवर अगदी किरकोळ, असा तो प्रकार होता. मोजकी सरकारी पर्जन्यमापकं असा पाऊस पकडू शकत नाहीत. त्यातून १९९८ साली 'कोकोराझ' नावाचं नागरिकांचं जाळं उभं राहिलं. माणसं आपल्या अंगणातल्या मापकात रोज सकाळी पाहतात आणि आकडा कळवतात. पाऊस पडला नाही तर शून्य कळवतात, आणि ते जाळं शून्याचा आग्रह धरतं. शून्य कळवलं नाही, तर पाऊस पडला नाही की माणूस गावाला गेला, हे कळणार कसं?

आमच्याकडे पर्जन्यमापक आईने ताब्यात घेतलं आहे. सकाळी सातला ती वाचन घेते आणि कोरड्या दिवसांत सलग तीन तीन आठवडे ०.० लिहिते. या डेटात तिला काहीही लपवायचं नाही, तिने स्वतः निवडलेला तो आहे.

पक्षी, झाडं, कीटक

नवख्या माणसाला मी सुरुवात इथून करायला सांगते, कारण इथे माहिती मुख्यतः पक्ष्याची असते, तुमची कमी. कॉर्नेल पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन संस्था यांनी २००२ साली सुरू केलेलं 'ईबर्ड' हे पक्षी-नोंदींचं व्यासपीठ नोंद पाठवताना एक प्रश्न विचारतं: ओळखू आलेल्या सगळ्या पक्ष्यांची नोंद केलीत का? याचं उत्तर 'हो' असावं, असं निरीक्षण करा. १५ मिनिटं एका जागी उभं राहायचं आणि कावळ्यासकट दिसेल, ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी लिहायचा. फक्त दुर्मिळ पक्षी कळवणाऱ्यांच्या नोंदींतून चिमणी कमी झाली की लोकांनी ती लिहिणं सोडलं, हे सांगता येत नाही. पूर्ण यादीत चिमणी नसेल, तर ती खरंच नव्हती किंवा निदान दिसली नाही, एवढं नक्की होतं. किती वेळ उभे होतात, किती चाललात, हेही लिहा. त्याशिवाय दोन याद्यांची तुलना होत नाही.

रोजच्या खिडकीतल्या याद्या म्हणजे तुमच्या घराचा नकाशावरचा ठिपका आणि तुम्ही घरी असण्याची वेळ. म्हणून मी जवळच्या सार्वजनिक बागेत उभी राहते. घरूनच करायचं असेल, तर ठिकाणाच्या नावात पत्ता लिहू नका.

'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या व्यासपीठावर फोटो टाकताना ठिकाणासाठी तीन पर्याय असतात: उघड, धूसर आणि खासगी. धूसर केलं की खऱ्या जागेऐवजी ०.२ अंशांच्या चौकटीतला कुठलाही एक बिंदू दिसतो. विषुववृत्तावर ही चौकट साधारण २२ किलोमीटरची असते. घरातलं, परसातलं काहीही मी धूसर ठेवते. एक फट मात्र बुजवा: धूसर नोंदीच्या पाच मिनिटं आधीची दुसरी नोंद उघड असेल, तर पहिलीची जागा कुणीही ताडेल. एका फेरीतल्या सगळ्या नोंदींना एकच पर्याय लावा.

धोका आपल्याला असतो तसा त्या जिवालाही असतो. चीनमधल्या एका गुहेत राहणाऱ्या पालीचं, गोनियुरोसॉरस लुई हिचं, शास्त्रीय वर्णन १९९९ साली ठिकाणासह प्रसिद्ध झालं. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणारे तिथे पोचले, आणि जिथे ती पहिल्यांदा सापडली, त्या जागेवरून ती नाहीशी झाली. धोक्यातल्या जातींची ठिकाणं आता ही व्यासपीठं आपणहून झाकतात. पण तुम्ही तोच फोटो जागेच्या नावासकट दुसरीकडे टाकलात, तर त्या झाकण्याला अर्थ उरत नाही. फोटोच्या पोटात फोनने अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, ते काढून मगच पाठवा.

ठिकाण: दशांश मोजा

अक्षांशात दशांश चिन्हानंतर एक आकडा ठेवला तर जागा साधारण ११ किलोमीटरच्या अचूकतेने कळते, दोन ठेवले तर १.१ किलोमीटर, तीन ठेवले तर ११० मीटर, चार ठेवले तर ११ मीटर. चार आकडे म्हणजे तुमचं दार. पावसासाठी, तापमानासाठी दोन पुरतात. ही एक सवय लावली तरी निम्मं काम होतं.

प्रवासाचा डेटा मात्र सगळ्यांत अवघड आहे. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल डेटावरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वेळ आणि ठिकाण सांगणारे फक्त ४ बिंदू ९५ टक्के माणसांना वेगळं ओळखायला पुरेसे असतात, असं त्यात दिसलं. तिथे नावं नव्हतीच. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या जागतिक नकाशावर, व्यायाम करणाऱ्या सैनिकांमुळे, लष्करी तळांच्या कडा उजळलेल्या दिसल्या. कुणा एकाचाही मार्ग वेगळा दाखवलेला नव्हता, तरीही.

मी सायकलच्या नोंदी देते, कारण सायकलस्वार कुठला रस्ता टाळतात, हे नियोजन करणाऱ्यांना दुसऱ्या कुठल्या मार्गाने सहसा कळत नाही. पण प्रत्येक फेरी घरापासून दूरच्या एका मोठ्या चौकात सुरू झाली आणि तिथेच संपली, अशी कापते. घराभोवती गोल झाकण्यापेक्षा हे बरं, कारण बरेच मार्ग एकाच वर्तुळाच्या कडेवर तुटले की वर्तुळाचा मध्य काढता येतो. तारीख आणि घड्याळाची वेळ काढून 'कामाचा दिवस, सकाळ' एवढंच ठेवते.

बऱ्याचदा तर माझा मार्ग लागतच नाही, रस्त्याची माहिती लागते. सायकलची वाट कुठे तुटते, सावली कुठे आहे, पाण्याचा नळ कुठे आहे, हे २००४ पासून चालत आलेल्या, लोकांनीच बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर नोंदवलं की काम होतं आणि माझी दिनचर्या माझ्याकडे राहते. माझ्यामते प्रवासाच्या बाबतीत हाच मार्ग आधी वापरून पाहावा.

हवेचे सेन्सर

थोडक्यात सांगते. घरगुती सेन्सर लेझरच्या प्रकाशात कण मोजतात. हवा दमट असली की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा खोटा वाढतो. त्यामुळे आर्द्रतेची नोंद सोबत नसेल, तर पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा अर्धाच. आर्द्रता धरून दुरुस्त केलेले असेच आकडे अमेरिकेत २०२० पासून वणव्याच्या धुराच्या सरकारी नकाशावर दाखवले जातात, म्हणजे स्वस्त सेन्सर टाकाऊ नाहीत. दुरुस्ती करा, पण मूळ आकड्याचा रकाना पुसू नका. घराच्या आत लावलेल्या सेन्सरचा डेटा खुला करू नका. चूल कधी पेटली, खोलीत माणसं कधी आली, सगळं त्यात दिसतं.

फाइलसोबतचा कागद

हा भाग लोक टाळतात, आणि माझ्या मते फाइलपेक्षा हाच मोलाचा असतो. आमच्या गटाच्या फाइलसोबत एक साधी मजकुराची फाइल असते. त्यातला मजकूर साधारण असा:

"१२ घरांच्या वापराची बेरीज, युनिटमध्ये, दर अर्ध्या तासाची, महिन्यातल्या कामाच्या दिवसांची सरासरी. वेळ यूटीसी (जगभर एकच असलेली प्रमाण वेळ). वेळ म्हणजे अर्ध्या तासाची सुरुवात. नोंद नसेल तिथे रकाना रिकामा आहे. शून्य म्हणजे खरोखर शून्य. ३ घरांत पाणी विजेवर तापतं. एका घराचा मीटर दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये बदलला. छतावर सौर पॅनेल एकाही घरात नाही."

यूटीसी का, तर वर्षातून दोनदा घड्याळ पुढेमागे करणाऱ्या देशांत स्थानिक वेळेने एका दिवसात ४६ अर्धे तास येतात आणि एका दिवसात ५०. वापरणाऱ्याचे त्यात दिवस जातात. रिकामं आणि शून्य यांतला फरक तर मी ठळक अक्षरात लिहिते. उपकरण बंद पडलं त्या आठवड्यात मी एकदा शून्यं भरली होती, आणि आमची घरं आठवडाभर अंधारात होती असं एका विद्यार्थिनीने गृहीत धरलं.

परवाना आणि जागा

परवाना लिहिला नाही, तर खुली ठेवलेली फाइलही वापरायला लोक कचरतात. आकड्यांसाठी मी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) तयार परवान्यांतला सीसी झीरो निवडते, म्हणजे कुठलीही अट नाही. हजार घरांच्या फाइली एकत्र करणाऱ्याला हजार नावांचं श्रेय द्यायला लावणं मला योग्य वाटत नाही. श्रेय हवं असेल तर सीसी बाय घ्या. 'व्यावसायिक वापर नको' ही अट आकर्षक वाटते, पण सौर पॅनेल बसवणारा लहान व्यावसायिकही त्यात अडतो. निसर्गनोंदींसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा: जगभरच्या जीवनोंदी एकत्र करणारं जीबीआयएफ सीसी झीरो, सीसी बाय आणि अव्यावसायिक सीसी बाय, एवढेच परवाने स्वीकारतं. 'सर्व हक्क राखीव' असलेली नोंद तिथे पोचतच नाही. आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. फाइल काढली तरी ज्याने ती घेतली आहे, त्याचा हक्क राहतो.

फाइल मी झेनोडोवर ठेवते. २०१३ पासून चालणारं हे भांडार सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते आणि प्रत्येक फाइलला कायमचा ओळख क्रमांक देतं, त्यामुळे संशोधकाला नेमक्या कुठल्या आवृत्तीवर काम केलं, ते सांगता येतं.

ठेवण्याआधी एक परीक्षा घ्या. फाइल एका मैत्रिणीला द्या आणि म्हणा, "अर्ध्या तासात आमच्याबद्दल जे शोधता येईल, ते शोध." माझ्या जुन्या फाइलवर मैत्रिणीने दहा मिनिटांत सांगितलं की आम्ही सलग अकरा दिवस घरी नव्हतो आणि कपडे बुधवारी धुतो. नव्या फाइलवर ती अर्धा तास बसून रिकाम्या हाताने उठली, तेव्हा मी ती पाठवली. तीही ताजी पाठवत नाही, निदान तीन महिने उशिराने पाठवते. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्याला तीन महिन्यांनी फरक पडत नाही; घर रिकामं कधी असतं हे शोधणाऱ्याला पडतो.

थांबायची वेळ आली तर

उपकरण बिघडतं, माणसं घर बदलतात, कंटाळाही येतो. तेव्हा फाइल नुसती सोडून देऊ नका. सोबतच्या कागदात शेवटच्या नोंदीची तारीख आणि थांबण्याचं कारण लिहा. बेरजेच्या गटात असाल, तर आपली मूळ फाइल पुसली गेल्याचं त्या व्यक्तीकडून लेखी घ्या. पर्जन्यमापक, सेन्सर चालू स्थितीत असेल, तर तो पुढे कुणाला दिला आणि तो आता कुठे बसवला आहे, तेही लिहा, दोन दशांशांपर्यंत.